लग्नाला गेलेलं जातं

आपलं संग्रहालय रिकामं पाहून खूश होणारा माणूस माझ्या धाकट्या मामांखेरीज अख्ख्या मुलखात दुसरा सापडणार नाही. खजुरीला शेताच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी गावोगावच्या जुन्या वस्तू आणून मांडल्या, बाहेर कन्नड आणि मराठीत पाटी लावली, आणि मग ज्याला हवी त्याला वस्तू वापरायला देऊ लागले. हळद दळायला जातं, लग्नाआधी घाणा भरायला मुसळ, बारशाला पाळणा. लगीनसराईत मोट तेवढी घरी असायची, कारण तिला कुणी विचारत नव्हतं. मामांना त्या मोटेची फार कीव यायची. परत आलेलं जातं ते पुसूही देत नसत. मामी फडकं घेऊन आली की ओरडायचे, "राहू दे, हळद लागलीया त्याला!"

एकदा कलबुर्गीहून मोठे पाहुणे आले. संग्रहालय त्यांच्या पसंतीला उतरलं असतं तर पक्की इमारत मिळणार होती. मामांनी त्यांना जमिनीवरचा गोल वण दाखवला. "हे आमचं जातं."

"कुठं आहे?"

"लगनाला गेलंय. बसा की, चहा घ्या, सांजच्याला येईल."

पाहुणे चहा पिऊन गेले ते गेलेच. मी कपाळाला हात लावला. "मामा, निदान आज तरी द्यायचं नव्हतं."

"कामून? पाव्हणे आल्यात म्हणून पोरीची हळद थांबवू व्हय?" ते माझ्यावरच डाफरले.

आता लग्नं तालुक्याला, आळंदच्या हॉलमध्ये होतात. हॉलवाल्याकडेच रंगवलेलं, मणी चिकटवलेलं छोटंसं जातं मिळतं. अशाच एका लग्नात मामांनी त्याचा खुंटा धरून फिरवायला पाहिलं, तर वरचा दगड खालच्याला पक्का चिकटवलेला. त्या दिवशी मामा न जेवता घरी आले.

हल्ली संग्रहालय कसं भरलेलं असतं. जातं, मुसळ, पाळणा, सगळं जागच्या जागी. येणारे फोटो काढतात, वाहवा करतात. मला मात्र तिथं पाऊल टाकलं की फार वाईट वाटतं.

परवा गेलो तर मामा जात्याला टाकी लावत होते. गुळगुळीत झालेल्या दगडावर छिन्नीनं घाव घालून तो पुन्हा खरखरीत करणं चाललं होतं.

"आता कोण दळणार आहे, मामा?"

त्यांनी मान वर केली नाही. "लगीनसराई तोंडावर आलीया. कुणी न्यायला आलं, अन् दळलंच न्हाई तर?"

मी दार अडवून उभा होतो. बाजूला झालो.