बांधाच्या पलीकडचं पाणी

शनिवारी पाहुण्यांची गाडी जव्हारच्या रस्त्यावरून आमच्या उताराला वळली की मी पहिलं वाक्य मनात घोकायला लागते. धरणाच्या काठी पर्यटकांसाठी आमचे तीन-चार तंबू आहेत. बाबा शिक्षक; सुट्टीच्या दिवशी चूल, सरपण, पाण्याची टाकी ते बघतात. पाहुण्यांशी बोलायचं काम माझं, कारण मी इंग्रजी शाळेत शिकले. इंग्रजी येतं म्हणजे बोलता येतं, असं घरात सगळ्यांना वाटतं.

तंबूंसमोरचं पाणी फसवं आहे. धरण होण्याआधी तिथं आमची भाताची खाचरं होती. वरच्या खाचरात अजूनही गुडघाभरच पाणी असतं, तळ सपाट, पायाखाली मऊ चिखल. खाचर संपतं तिथं पाण्याखाली बांध आहे आणि बांधाच्या पलीकडे जुना ओहोळ, दीड पुरुष खोल. वरून दोन्हीकडचं पाणी सारखंच दिसतं.

त्या बांधावर बाबांनी आणि मी बांबू रोवून त्याला जांभळाची हिरवी टहाळी बांधली होती. आमच्याकडे टहाळी दिसली की पुढे जायचं नाही. राखलेल्या गवतात, भाताची रोपं पेरलेल्या राबात ती खोचलेली असते आणि ढोरांमागची लहान पोरंसुद्धा बाजूने वळतात. मला हायसं वाटलं होतं. आता प्रत्येकाला तोंडाने सांगायला नको.

त्या शनिवारी ठाण्याहून एक जोडपं आलं, सोबत चार-पाच वर्षांची मुलगी. लाइफ जॅकेटं मी दिली होती. ती त्यांनी काठावर बसायला अंथरली. मी चहाचे कप मांडत असताना नवरा मुलीला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरला.

"ते झाड दिसतंय ना, पिल्लू? त्याला हात लावून यायचं."

"पँट एकच आणलीयेस," बायको मोबाइल धरून म्हणाली. "भिजली तर टॉवेल गुंडाळून जेवायला बस."

टहाळी पाहून तो वळेल, या भरवशावर मी कप मांडत राहिले. मग लक्षात आलं, तो टहाळीकडेच निघाला होता.

"सर," मी म्हणाले. माझं मलाच जेमतेम ऐकू आलं. दुसऱ्यांदाही तेवढंच. आवाज निघेना तेव्हा मी चपलांसकट पाण्यात शिरले. गुडघाभर पाण्यात पळता येत नाही, नुसतं पळाल्यासारखं होतं. एक चप्पल चिखलात राहिली.

"अरे, त्यांनी शर्यत लावलीये तुझ्याशी," मागून बायको हसली.

मी पोचले तेव्हा मुलीच्या मुठीत जांभळाची पानं होती आणि तो म्हणत होता, "आता पलीकडून फेरी मारू." मी त्याचा शर्ट मागून घट्ट धरला.

"पुढे नको. खाली जमीन नाहीये."

त्याने आधी माझ्या हाताकडे रागाने पाहिलं. मग मुलगी माझ्याकडे दिली, बांबू धरला आणि एक पाय पुढे सोडला. पाय नुसता खालीच जात राहिला. तो परत वर यायला त्याला वेळ लागला.

"काय झालं रे?" काठावरून बायकोने विचारलं.

"काही नाही. त्यांना वाटलं मी दमलो."

माझ्याकडे न बघता तो चालू लागला. मी मुलीला घेऊन त्याच्या मागोमाग काठावर आले आणि चहा ओतायला लागले. संध्याकाळभर माझी नजर त्या मुलीवरून हलली नाही.

रविवारी निघताना बायको म्हणाली, "पुढच्या वेळी माझ्या बहिणीच्या पोरांनाही आणते. इथं बरं आहे, सगळं उथळ. लक्ष ठेवायला नको."

तो डिकीत बॅगा लावत राहिला. नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला पडायचं, असं दोनदा मनात आलं.

"ताई, उथळ नाहीये," मी म्हणाले. "काल हे दोघं उभे होते त्याच्यापुढे एक पाऊल टाकलं असतं, तर पाणी यांच्या डोक्यावरून गेलं असतं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो डिकी लावायची विसरला. तिने मुलीचा हात धरला, गाडीचं उघडलेलं दार तसंच सोडलं आणि काठाकडे निघाली.

"चल," मला म्हणाली. "कुठून खोल आहे ते दाखव."