डायटचं उद्यापन

सही मी करणार नाही. तिघांच्याही तोंडावर सांगितलं, आणि चहा पाजून सांगितलं, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की माणूस कडू आहे.

आलेले तिघंही माझेच भाईबंद. एकजण डब्यातली पावडर दुधात कालवून देतो आणि लोकांना काट्यावर उभं करतो. दुसऱ्याची व्यायामशाळा आहे; अंड्यातला पिवळा बलक हा त्याचा सात जन्मांचा वैरी. तिसऱ्या बाई फोनवरून अख्ख्या सेलू तालुक्याला सकाळी कोमट पाणी पाजतात. पैसे घेऊन आहाराचा सल्ला देणाऱ्यांना सरकार परवाना लावणार, अशी हवा बाजारात उठली होती. खरं-खोटं कुणालाच माहीत नव्हतं, पण विरोधाचा अर्ज मात्र टाईप होऊन तयार.

"तुम्ही तर आमच्यातलेच," बाई म्हणाल्या.

"म्हणूनच," मी म्हणालो.

व्यायामशाळावाला चिडला. "अहो, आजीनं नातवाला म्हटलं की बाळा मेथी खा, तर काय आजीलाही परवाना लावायचा?"

"आजी पैसे घेत नाही."

चहा अर्धा टाकून उठले. आता गावभर सांगत फिरतात की हा फितूर झाला. झालो. का झालो ते मीच सांगतो, त्यांच्या तोंडून ऐकाल तर नाहक तिखटमीठ लागेल.

माझं दुकान बी-बियाण्याचं, खताचं आणि फवारणीच्या औषधांचं. त्यासाठी मला शेतीचा डिप्लोमा दाखवावा लागला, परभणीला चकरा माराव्या लागल्या. परवाना चौकटीत घालून गिऱ्हाइकाला दिसेल असा टांगावा लागतो. अधिकारी कधीही येतो, बाटल्या मोजतो, मुदत बघतो, आणि काही सापडलं नाही तर चेहरा पाडून जातो. कापसावरचे तुडतुडे मारायला एवढा बंदोबस्त. आणि माणसाच्या ताटातली भाकरी काढून घ्यायला मला काय लागलं? एक बोर्ड. तोही पुतण्यानं फुकट रंगवून दिला.

त्या धंद्यात मी शिरलो तो दाढेच्या वाटेनं. खालच्या दोन दाढा एकदम काढाव्या लागल्या, ज्वारीची भाकरी चावेना, दूध-भाकरीचा काला गिळून दिवस काढले. पँट कमरेवरून सुटायला लागली. दुकानात येणारा प्रत्येकजण विचारायचा, "काय केलंव हो? लय उतरलाव!" पहिल्या दोघा-तिघांना मी दाढांची रिकामी जागा दाखवली. लोकांना ते पटेना. एवढ्या साध्या कारणानं कोणाचं पोट कमी होतं का? मग मी "नियोजन" म्हणायला लागलो. हा शब्द सगळ्यांना पटला. हळूहळू मलाही पटला.

मग मोबाईलवर आहारशास्त्राचा एक कोर्स केला. शेवटी परीक्षा होती. उत्तर चुकलं की तो मोबाईल मोठ्या मायेनं म्हणायचा, पुन्हा प्रयत्न करा. चार पर्यायांतले तीन चुकल्यावर चौथा बरोबर यायचाच. असा मी उत्तम श्रेणीत पास झालो. युरियाच्या थप्पीशेजारी एक टेबल टाकलं, चार्ट छापून आणले आणि फी ठेवली. बायको दुपारचा डबा घेऊन आली, तो बोर्ड वाचला आणि म्हणाली, "अहो, मिरचीवर काय फवारायचं ते सांगता सांगता माणसांवर कधी फवारायलाव?"

धंदा चालला. खोटं कशाला बोलू, लय चालला. बियाण्याच्या हंगामात जेवढी गर्दी नसते तेवढी उन्हाळ्याच्या सुट्टीत लग्नाआधी व्हायची.

अशात कापूस फुटायच्या दिवसांत वालूरच्या एक मावशी आल्या. मावशी म्हणजे नात्यातल्या नव्हेत, दुकानाच्या जुन्या गिऱ्हाईक. घरची जमीन, हाताखाली दोन सुना, अजून स्वतः वेचणीला उतरणाऱ्या.

"भाऊ, गुडघा लय बेजार करायलाय. समदे म्हन्तेत वजन उतरवा. तुमी कागद देताव म्हनं?"

आता बघा. झाडाचं दुखणं घेऊन कोणी दुकानात आलं, पान पुढं केलं, की मी तोंड उघडायच्या आधी विचारतो: आधी काय फवारलंय? कारण एका औषधावर दुसरं पडलं तर पीक जळतं, हे मला डिप्लोम्यात शिकवलंय आणि चुकलो तर परवाना जाईल ही भीतीही आहे. मावशींना मी वजन विचारलं, उंची विचारली, चहात साखर किती ते विचारलं. आधीपासून कोणती गोळी चालू आहे, हे विचारलं नाही. त्यांना साखरेच्या दुखण्याची गोळी चालू होती.

मी चार्ट दिला. रात्रीची भाकरी बंद. काकडी आणि मुगाचं पातळ कढण. मावशींनी फी दिली, कागद कपाळाला लावला आणि विचारलं, "मदी सुटला तर?"

"मधे सुटला तर सगळं वाया," मी म्हणालो. हे वाक्य मी पावडरवाल्याकडून उचललं होतं. फार परिणामकारक वाक्य आहे.

"आन उद्यापन कसं करायचं?"

मी हसलो. "करा की. पुरणाचा स्वयंपाक करा, जोडपी जेवायला घाला."

मला वाटलं चेष्टा चालली आहे. मावशी अशा गोष्टीत चेष्टा करत नाहीत. आमच्याकडच्या बायकांना पोटावर बंधन घालायची एकच रीत ठाऊक आहे: व्रत. ते घेतात, पाळतात, आणि उद्यापन झाल्याशिवाय सोडत नाहीत. माझा कागद त्यांनी तसाच घेतला. आणि आधीचे उपास काही सोडले नाहीत. तेवढ्यात मार्गशीर्ष लागला. गुरुवारी दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा करून सोडायचा. पण सोडायच्या वेळेला माझा कागद आडवा. भाकरी बंद! म्हणजे बाई गुरुवारी काकडीवर झोपल्या, शुक्रवारी सकाळी गोळी मात्र वेळेवर घेतली, कारण गोळी उपासाला चालते, आणि वेचणीला गेल्या.

ओळीतच घाम फुटला, हात थरथरायला लागले, आणि पऱ्हाटीच्या झाडाला धरून खाली बसल्या. धाकटी सून शेजारच्या ओळीत होती. तिनं गूळ तोंडात कोंबला, आरडाओरडा केला, आणि टेम्पोत घालून त्यांना सेलूच्या दवाखान्यात आणलं.

दुपारी डॉक्टरांचा मला फोन. ते माझ्याच दुकानातून खत नेतात, त्यामुळे आवाज आधी ओळखीचा वाटला, मग नाही वाटला.

"साखर अगदी खाली गेली होती. आता बऱ्या आहेत, गोळी कमी करून घरी पाठवलं मी. पण बाई रात्री जेवायला तयार नाहीत. म्हणतात, पैसे मोजून घेतलेला नेम आहे, उद्यापन झाल्याशिवाय मोडणार नाही. नेम कुणी दिला तेही सांगत नाहीत. सुनेनं सांगितलं." मग म्हणाले, "माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतात. तुम्ही जा. आज रात्री त्या जेवल्याच पाहिजेत. पुन्हा अशा पडल्या आणि जवळ कोणी नसलं, तर मला फोन करायचीसुद्धा गरज पडणार नाही."

माझे भाईबंद म्हणतात, डॉक्टर चुकत नाहीत का? चुकतात. पण डॉक्टर चुकला तर त्याचा परवाना काढून घेता येतो. माझ्याकडून कोण काय काढून घेणार होतं? पुतण्यानं रंगवलेला बोर्ड? त्या दिवशी फोन ठेवल्याबरोबर मी दुकानाचं शटर ओढलं ते मावशींच्या काळजीनं, आणि थोडं या विचारानंही, की यांना काही झालं तर मला विचारणारं कोणीच नाही. अशा मोकळीकीची मला तरी हौस नाही.

मोटारसायकल काढली. वालूर गाठेपर्यंत तीन भाषणं तयार केली.

मावशी ओसरीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरलेला, पण बाणा तसाच. आत देव्हारा दिसत होता, आणि देवांच्या शेजारी भिंतीला चिकटवलेला माझा चार्ट. त्याला हळदीकुंकू लावलेलं. माझ्या फोन नंबरावर नेमकं कुंकवाचं बोट.

"या भाऊ. वाट चुकलाव का काय?"

"मावशी, जेवून घ्या."

"संध्याकाळचं मला चालत न्हाई. तुमीच लिवलंय."

पहिलं भाषण डॉक्टरांवर होतं. ते त्यांनी एका वाक्यात झोपवलं. "डाक्टरला नेमाधर्मातलं काय कळतंय?"

दुसरं भाषण जास्त अवघड होतं. "मावशी, मला यातलं काही कळत नाही. माझ्याकडं परवाना नाही."

"न्हाई कसा? तुमच्या डोस्क्याच्या वर टांगलेला हाय की. सरकारचा शिक्का हाय त्याच्यावर, म्या माज्या डोळ्यानं बगितला. म्हनून तर पैशे दिले."

"तो औषधं विकायचा आहे. पिकावरची."

मावशींनी भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं. "म्हंजे बोंडअळीचा?"

"बोंडअळीचा."

दारात उभ्या थोरल्या सुनेनं पदर तोंडात घातला. मावशी हसल्या नाहीत. "मंग मला काय अळी समजलाव का?"

मला वाटलं, चला, अब्रू गेली पण काम झालं. कुठलं! मावशी सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "तुमी खोटे असताव. नेम खरा हाय. तो म्या घेतलाय."

तिसरं भाषण मी विसरलो. शेजारच्या घरातून एक म्हातारी डोकावली आणि न विचारताच म्हणाली, "अगं, रोज मेथ्या भिजवून खा, समदं जातंय." मावशींनी मानही वळवली नाही.

"तिचं ऐकत नाहीत का तुम्ही?" मी विचारलं.

"तिचं कोन ऐकतंय? ती समद्या गावाला फुकट सांगती."

आणि तिथं माझी ट्यूब पेटली. फुकटच्या सल्ल्यानं कोणी मरत नाही, कारण फुकटचा सल्ला कोणी पाळत नाही. आजी, शेजारीण, पारावरचे म्हातारे खुशाल बोलू देत. पैसे घेतले की माणूस ऐकायला लागतो. धोका तिथून सुरू होतो आणि परवानाही तिथूनच लागला पाहिजे. हे मी त्या अर्जवाल्यांना शंभरदा सांगेन.

मी खिशातून फी काढली आणि मावशींच्या पुढ्यात ठेवली. "हे तुमचे पैसे. आता माझा सल्ला फुकटचा झाला. शेजारणीच्या मेथ्या, तसा माझा कागद."

मावशी पैशांकडं बघत राहिल्या. मग सुनेकडं वळल्या. "दक्षिना परत आल्यावर नेम ऱ्हातो का गं?"

"न्हाई ऱ्हात, आत्याबाई," थोरली एका दमात म्हणाली. हे शास्त्र तिनं कुठं वाचलं होतं ते देव जाणे. त्या क्षणी तिच्याकडंही परवाना नव्हता, पण ती पैसे घेत नव्हती.

मावशींनी नोटा उचलल्या, कनवटीला खोवल्या. "मंग आता तुमचं कामून ऐकायचं?"

"ऐकू नका."

"वाढ गं," मावशी आत बघून म्हणाल्या.

ताट आलं. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. मावशींनी पहिला घास मोडला आणि मला सोलायला घेतलं. एक शब्द मऊ नाही. या धंद्याला परवानाच लावला पाहिजे, असं मी पुटपुटलो, तशा म्हणाल्या, "पर गुडघा हालका झालाय, हे खोटं न्हाई. आन परवाना लावल्यावर शिकलेला मानूस वालूरला कशाला येतंय? परभणीला पंख्याखाली बसंल. मंग आमी कुनाला इचारावं?"

ते तिघं अर्ज घेऊन आले तेव्हा हा मुद्दा त्यांना सुचला नव्हता. मावशींना सुचला, अर्ध्या पोटी. त्याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. मी इतकंच म्हणालो की मग सरकारनं शिकलेला माणूस वालूरला बसवावा. तेही मागू, भांडून मागू. पण तो येईपर्यंत त्याच्या खुर्चीत मी बसणार नाही. आणि आता दुसऱ्या कोणाला तिथं बसवायला सहीही करणार नाही.

"मंग तुमीच शिका की नीट. परीक्षा द्या. हेच पैशे परत देते."

एवढ्यात धाकटी सून तव्यावरची भाकरी घेऊन आली. "आत्याबाई, आनखी एक वाढू का?"

मावशींनी माझ्याकडं बघितलं. सवयीनं माझं तोंड उघडलं.

"गप बसा," मावशी म्हणाल्या. "तुमाला कोन इचारलंय?" आणि ताट पुढं केलं.