झेरॉक्सच्या दुकानावरच्या ताई

"सल्ले घरी भरपूर मिळतात. त्यासाठी नगरला येऊ नका," असं ताई पहिल्याच भेटीत सांगायच्या. मग चष्मा काढायच्या, घडी घालून टेबलावर ठेवायच्या आणि हात मांडीवर घेऊन बसायच्या. मला वाटलं, डोळे दुखत असतील. पुढे एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ऐकायला चष्मा लागत नाही. आणि माझी नजर रोखलेली नसली की माणूस मोकळं बोलतो."

ताई समुपदेशक होत्या. सावेडीत एका झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची खोली होती. जागा त्यांनी मुद्दाम तशी निवडली होती. जिना चढताना कोणी ओळखीचं भेटलंच, तर झेरॉक्सला आलो म्हणून सांगता येतं. माझ्या पिशवीत वर्षभर आधार कार्डाच्या इतक्या प्रती साठल्या की आजही घरात कागद लागला तर त्यांच्या पाठीवर हिशोब लिहितो.

मी श्रीगोंदा तालुक्यात वीज खात्यात वायरमन आहे. पोलवर चढणं हे माझं काम. ज्या वर्षी ताईंकडे गेलो, त्या वर्षी मला पोलवर चढता येत नव्हतं.

माझे कामावरचे जोडीदार पोलवर काम करताना गेले होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, आणि चौदा वर्षं आम्ही बरोबर काम केलेलं. त्या दिवशी लाईन बंद केलेली होती, सबस्टेशनवर तशी नोंदही होती. पण कुठल्यातरी जनरेटरची वीज उलटी तारेत आली. चौकशी झाली, माझ्यावर ठपका आला नाही. लोक म्हणाले, सुटलास. त्यानंतर पोलला शिडी लावली की माझे हात थरथरायला लागायचे. जेवण तुटलं, झोप तुटली. साहेबांनी मला ऑफिसात तक्रारींच्या वहीवर बसवलं आणि एक दिवस ताईंचा पत्ता लिहिलेला कागद चार घड्या घालून माझ्या खिशात सरकवला.

तुमच्यापैकी कोणी अशा खोलीत पहिल्यांदा गेलं असेल, तर ठाऊक असेल की माणूस आधी वेड्यांच्या वस्तू शोधतो. मीही शोधल्या. दोन खुर्च्या, एक टेबल, पाण्याचा तांब्या आणि भिंतीवरचं घड्याळ, एवढंच होतं. मी त्यांना डॉक्टर म्हणालो. त्या म्हणाल्या, "मॅडम म्हणा, ताई म्हणा, डॉक्टर तेवढं म्हणू नका. मी डॉक्टर नाही." गोळ्या त्या देणार नव्हत्या. झोपेसाठी एका मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सांगितलं, आणि गोळी घेणं म्हणजे हरणं नव्हे, हेही सांगितलं. आठवड्यातून एकदा, बुधवारी, पन्नास मिनिटं. सुरुवातीच्या दोन-तीन भेटींत बरं वाटायच्या ऐवजी जास्त त्रास होईल, तेव्हा पळून जाऊ नका. इथलं बोलणं इथंच राहील. जिवाला धोका दिसला तर मात्र त्या गप्प बसणार नाहीत, आणि तेही आधी मला सांगून.

मग त्यांनी विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?"

जेवलात का, असं विचारावं तितक्या साध्या आवाजात. तोवर घरातल्या, ऑफिसातल्या कोणी हे विचारलं नव्हतं. मी म्हणालो की, द्यावासा नाही वाटत, पण तात्यांच्या जागी मी असायला हवा होतो असं रोज वाटतं. त्यांनी पुढचेही प्रश्न तसेच सरळ विचारले. मनात काही ठरवलंय का, ठरवलं नसेल तरी असा विचार जोर करू लागला तर कोणाला सांगणार. मी बायकोचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही इथे येता हे तिला माहीत पाहिजे."

घरी मी विभागीय ऑफिसात काम आहे असं सांगून येत होतो. तिसऱ्या बुधवारनंतर बायकोला खरं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "बुधवार आला की इस्त्रीचा शर्ट घालून नगरला जाताय. मला येगळाच संशय हुता." मग तव्यावरची भाकरी करपली तरी ती तशीच बसून राहिली. पुढच्या खेपेला तिनं माझ्याबरोबर डबा दिला.

ताई मला अभ्यासही द्यायच्या. रोज एका पोलजवळ जायचं, हात लावायचा, शंभर अंक मोजायचे आणि परत यायचं. चढायचं नाही. आमच्या वस्तीवरच्या एका म्हातारीनं हे आठवडाभर पाहिलं आणि विचारलं, "वायरमन, पोलाला नवस केलाय व्हय?" हे सांगितलं तेव्हा ताई पोट धरून हसल्या. मग विचारलं, "आणि हात?" मी म्हणालो, सत्तरपर्यंत थरथरले, पुढचे तीस गप्प होते. तो आकडा त्यांनी वहीत लिहून घेतला.

पण एक गोष्ट मी त्यांनाही सांगितली नव्हती. चौथ्या महिन्यात ती आपोआप तोंडून निघाली. तात्या गेले त्या दिवशी चढायची पाळी माझी होती. मी मेव्हण्याशी फोनवर बोलत होतो, त्याच्या नव्या ट्रॅक्टरबद्दल. तात्या म्हणाले, "बोल तू, मी बघतो." चौकशीत हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मला वाटलं, ताई म्हणतील, तुमची काही चूक नाही. तसं सगळेच म्हणत होते. ताईंनी विचारलं, "हे माझ्याशिवाय आणखी कोणाला सांगावंसं वाटतं?"

मी म्हणालो, काकूंना. म्हणजे तात्यांच्या बायकोला. तेराव्यानंतर मी त्या घरी पाऊल ठेवलं नव्हतं. जा असंही ताई म्हणाल्या नाहीत आणि जाऊ नका असंही नाही. काकूंनी शिव्या घातल्या तर काय होईल, रडल्या तर काय, दारच उघडलं नाही तर काय, हे मात्र त्यांनी दोन बुधवार माझ्याकडून बोलून घेतलं.

मग मी गेलो. काकू ओट्यावर तूर पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पाळी, फोन, ट्रॅक्टर. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"पाळी तुझी हुती, व्हय," त्या म्हणाल्या. "आन आदल्या दिवशी कोनाची हुती? त्यांचीच ना? गुडघा धरला हुता म्हून तूच चढलास. रातच्याला जेवताना ते मला सांगत हुते."

मला ते आठवतही नव्हतं. वर्षभर मी तो एकच दिवस धरून बसलो होतो, त्याच्या आदला दिवस माझ्या लेखी उरलाच नव्हता.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. "मला त्याचं काई न्हाई," त्या म्हणाल्या. "चौदा वर्सं या घरात जेवलास. मग इतके दिवस आला का न्हाईस?"

मी खाली बसलो आणि त्यांच्याबरोबर तूर निवडू लागलो.

हे ताईंना सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला, पदरानं पुसला आणि हातातच धरून ठेवला. "आज मला बोलायला काही नाही," एवढंच म्हणाल्या. वेळ संपली तरी त्या दिवशी घड्याळाकडे बघितलं नाही. दोन महिन्यांनी मी पुन्हा पोलवर चढलो. आणखी थोड्या भेटी झाल्या आणि एका बुधवारी त्या म्हणाल्या की आता तुम्हाला यायची गरज नाही, गरज वाटली तर जिना तुमच्या ओळखीचा आहे.

दीड वर्षानं प्रशिक्षणासाठी नगरला गेलो, म्हणून सहज त्या जिन्याशी गेलो. वर कुलूप होतं. झेरॉक्सवाल्यानं सांगितलं की ताई महिनाभर आजारी होत्या, आठवड्यापूर्वी गेल्या. रविवारी भिंगारला घरी पुण्यानुमोदन आहे.

मी गेलो. ताईंचा फोटो, पुढे मेणबत्त्या, पांढऱ्या कपड्यांतली घरची माणसं. बुद्धवंदना झाली. घरच्यांपलीकडे सतरंजीवर आणखी बरेच जण बसले होते. कॉलेजातली एक मुलगी, केस बारीक कापलेला एक पोलिसासारखा माणूस, मुलाला घेऊन आलेली एक बाई, एक वयस्कर गृहस्थ. कोणी कोणाच्या ओळखीचं नव्हतं. प्रत्येकाच्या शेजारी थोडी जागा मोकळी होती.

ताईंचे भाऊ पाणी घेऊन सगळ्यांत फिरत होते आणि आपुलकीनं विचारत होते, आपण ताईंना कसं ओळखत होता. मुलगी म्हणाली, असंच, ओळख होती. पोलिसासारखा माणूस म्हणाला, कामानिमित्त. वयस्कर गृहस्थ म्हणाले, जवळच राहायचो.

मग ते माझ्याकडे आले.

"मी त्यांच्याकडे समुपदेशनाला यायचो," मी म्हणालो. "वायरमन आहे. पोलवर चढता येत नव्हतं. आता चढतो."

आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला असावा, कारण दोन-चार माना वळल्या. भावांनी ग्लास माझ्या हातात दिला आणि क्षणभर माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते पुढे गेल्यावर शेजारचे वयस्कर गृहस्थ सतरंजीवर थोडे माझ्या बाजूला सरकले.

"मी मंगळवारी यायचो," ते हळूच म्हणाले.