देव्हाऱ्यातली फाइल

देवावर माझा राग होता, हे आधीच कबूल करते. श्रावणात छातीत कळ आली, ठाण्याला नेऊन हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली आणि घरी आणल्यापासून तीन महिने मी खाटेवर पडून होते. हार्टवाल्या माणसानं हलायचं नाही, हा आमच्या शेणव्याकडच्या पाड्यातला कायदाच. पाण्याचा तांब्यासुद्धा मला उचलू देत नसत. घरधन्यांनी म्हसा गावच्या देवाला नवस बोलला होता, 'पौषातल्या जत्रेला हिला उचलून तुझ्या पायाशी आणीन.' मला वाटायचं, उचलून न्यायची वेळ आली म्हणजे मी मेल्यातच जमा. शेतात भात कापणीला आलं आणि मी छपराची कौलं मोजत पडले होते. चार पावलं टाकली तरी धाप लागे, पाय लटपटत, की पुन्हा खाट. असंच पडून मरायचं होतं तर वाचवलंस कशाला, असं देवाला रोज विचारायची.

कार्तिकात एका सकाळी शहापूरच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपीवाल्या ताई दारात उभ्या राहिल्या. त्या मूळच्या मुरबाडकडच्या. लकवा झालेल्या एका म्हाताऱ्याकडे निघाल्या होत्या, वाट चुकल्या आणि आमच्याकडे पाणी मागितलं. मला पाहून त्यांनी विचारपूस केली, मग दवाखान्याचे कागद मागितले.

हे देव्हाऱ्याकडे गेले. घरी आलो त्या दिवशीच फाइल त्यांनी देवांच्या मागे उभी केली होती. रोज तिला हळदकुंकू वाहायचे, उदबत्ती ओवाळायचे. उघडून बघायची छाती मात्र कुणाला झाली नव्हती. ताईंनी कुंकू झटकून कागद वाचले.

"काका, यात लिहिलंय, पंधरा दिवसांनी हळूहळू चालवा, व्यायामाला घेऊन या."

"आमी रोज पुजली ना वो तिला," हे हळूच म्हणाले.

"पुजलीत खरी. पण वाचली नाय."

मला तीन महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं.

ताईंनी तिथूनच माझ्या डॉक्टरांना फोन लावून विचारून घेतलं, नाडी पाहिली, बीपी घेतलं आणि मग मला उभं केलं. "मावशी, हृदय पण मांसाचंच. निजून राहिलं तर दंडासारखं तेही कमजोर होतं. चालाल तसं त्याला बळ येईल." किती जोरात चालू, असं मी विचारलं. "देवाचं नाव घेत चाला. धापेनं नाव तुटायला लागलं की चाल कमी करा. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबा नि लगेच दवाखाना गाठा."

मी चाळीस वर्षं नामस्मरण केलं, पण अर्धं लक्ष चुलीवर. आता मात्र एकेक नाव जपून घेत होते. पहिल्या दिवशी अंगणातल्या तुळशीपर्यंत गेले आणि रडले. ताई आठवड्यातून दोनदा यायच्या, वहीत नाडी लिहायच्या, खुर्चीवरून उठायला-बसायला लावायच्या. मी कंटाळले तर रागवायच्या नाहीत, सोबत चालायच्या. एवढी माया नि एवढा धीर मी क्वचितच कुणात पाहिला. त्यांना वाट कुणी चुकवली, ते मला ठाऊक आहे. ज्याला पटत नसेल त्याच्याशी मी वाद घालत नाही. महिन्याभरात ओढ्यापर्यंत, मग गावाबाहेरच्या रस्त्यापर्यंत जाऊ लागले.

पूर्वी मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे सगळं त्याच्यावर टाकून निपचित पडायचं. आता कळतं, पाऊल आपण टाकायचं आणि भीती तेवढी त्याच्यावर टाकायची.

पौषात जत्रेला गेलो. गाडीपासून देवळापर्यंत गर्दीतून मी पायी गेले. दारात हे वाकले, मला उचलायला.

"अवो, हे काय?"

"नवस बोललोय गो. देवाला काय सांगू?"

"सांगा, तुमच्या आधी त्यानंच उचलली."

ते तसेच वाकलेले राहिले, डोळे पुसत. मी त्यांचा हात धरला आणि त्यांना आत घेऊन गेले.