हाताने लिहिलेलं पान

"आई, वाचनालयाची वर्गणी भरण्यापेक्षा पुस्तकं विकतच घे ना," असं लेक नेहमी म्हणते. तिचं चुकत नाही. विकतचं पुस्तक आपलं राहतं. पण काल वाचनालयातून आणलेल्या कादंबरीतलं एक पान फाटलेलं निघालं, आणि त्या जागी कुणीतरी ते अख्खं पान निळ्या शाईने लिहून चिकटवलं होतं. खाली बारीक अक्षरात होतं, 'मैत्रिणीच्या प्रतीवरून उतरवलं. पुढच्या वाचकाचा खोळंबा नको.'

तो पुढचा वाचक म्हणजे मी. ओळख ना पाळख, तरी कुणी माझ्यासाठी हात दुखवून घेतला होता.

आज पुस्तक परत करण्याआधी त्या पानाचा सुटलेला कोपरा मी डिंकाने चिकटवला. कपाटातल्या माझ्या स्वतःच्या पुस्तकांची सुटलेली पानं मात्र अजून तशीच आहेत.