सुपडाअक्काची पिलं

ऊन उतरलं की सुपडाअक्का शेडमध्ये शिरायची आणि कोंबडीच्या पिलांना निजवायला लागायची. कोपऱ्यात गोळा झालेल्यांतून एकेक उचलायचं, पोटाखाली तळवा धरून लाकडी दांडीवर टेकवायचं, पायांची बोटं दांडीभोवती वळली की पाठीवर हात ठेवून जरा थांबायचं, मग पुढचं. दहा बसेपर्यंत त्यांतली सहा खाली उडी मारायची. अक्का ती परत उचलायची. "बस वं माय, बस," एवढंच तिचं बोलणं. पिलं तीनशे होती.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. धुळ्यापासून थोड्या अंतरावर एका मालकानं कोंबडीफार्म काढला होता. पुण्याचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन मी तिथं सुपरवायझर म्हणून लागलो. वय बावीस. अक्का पन्नाशीची, रोजंदारीवरची. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर हिला सुपात घातलं होतं, त्यावरून नाव सुपडा. नवऱ्यानं दुसरी बाई केली तेव्हा ती घर सोडून निघाली. जामनेरला भाऊ होता, पण त्याच्याकडे गेली नाही. "भाऊनी भाकर वहिनीना हातनी ऱ्हास. ती माले गिळाई जात नही," असं म्हणायची. फार्मच्या कुंपणालगत मालकानं दिलेली एक पत्र्याची खोली होती, तिथं एकटी राहायची.

पहिल्याच आठवड्यात मी तिला विचारलं, "अक्का, हे कशासाठी? कोंबडी जात आपसूक उंच जागी बसते."

"भाऊ, माय ऱ्हायनी ते बसस. ह्या मशीनमाईन निंघेल शेतस. ह्यासले माय नही. झोपानं कसं ते कोन शिकाडी?"

ते खरंच होतं. यंत्रात उबवलेली आणि पाच-सहा आठवडे बल्बच्या उबेत वाढलेली ती पांढरी लेगहॉर्न जातीची पिलं मोठ्या शेडमध्ये आणली की अंधार पडताना घाबरायची, कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढायची. खालची गुदमरायची. दांडी ठेवली पाहिजे हे मी शिकलो होतो. दांडीवर बसायला शिकवावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तसं कबूल केलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

कारण दुसऱ्या दिवशी, मजुरांसमोर मी दांडीच्या उंचीबद्दल काही सांगत होतो आणि अक्का सहज बोलली, "भाऊ, आते खाले बांधा. महिनाभरमा वर करू. पुस्तकमा लिखेल नही का?" बाया हसल्या. तिच्या मनात टोमणा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी तो मी मनात धरला.

मालक जळगावला राहायचा, रविवारी यायचा. त्याला कुणीतरी सांगितलं की बाया उशिरापर्यंत थांबतात आणि पदराखाली अंडी नेतात. पाचनंतर शेडमध्ये कुणी मजूर दिसता कामा नये, असं त्यानं मला बजावलं. अक्काची गोष्ट वेगळी आहे, असं मी म्हणू शकत होतो. म्हणालो नाही. सोमवारी पाच वाजता तिला म्हणालो, "अक्का, निघा आता. मालकांचा हुकूम आहे."

"आठच दिन थांबू द्या, भाऊ. मंग त्या सोताच चढतीन. मी जास्तीनी मजुरी मांगत नही."

"मजुरीचा प्रश्न नाही. नियम तो नियम."

तिनं मागं वळून पिलांकडे बघितलं. "थंडी शे," म्हणाली आणि गेली. मी दार ओढून कुलूप लावलं. पिलं तेव्हाच कोपऱ्याकडे सरकायला लागली होती. ते मी पाहिलं होतं.

सकाळी दार उघडलं ते अक्का बरोबर असताना. कोपऱ्यात पांढरा ढीग होता. वरची पिलं उठून पळाली, खालची शंभरावर उठली नाहीत. अक्का जमिनीवर अंथरलेल्या शेंगांच्या टरफलांवर बसली आणि एकेक बाजूला ठेवू लागली. मधूनच एखादं हलायचं, ते पदरात घ्यायची. माझ्याकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

निरोप गेला, मालक दुपारीच आला. "कुणाचं काम होतं हे?"

मी म्हणालो, "पिलं दांडीवर बसवायचं काम अक्काचं आहे."

या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो.

मालकानं अक्काला विचारलं. ती म्हणाली, "भाऊ म्हनतस ते खरं शे. काम मनंच व्हतं." कुलपाचं नाव तिनं काढलं नाही. संध्याकाळच्या आत खोली रिकामी करायला सांगितलं गेलं. डोक्यावर एक गाठोडं घेऊन ती जामनेरच्या गाडीला निघाली. तिला जायला दुसरी जागा नव्हती.

उरलेली पिलं मग मी बसवली. मालकाला विचारून पाचनंतर थांबलो, त्यानं लगेच परवानगी दिली. कंबर मोडायची, हातांना ओरखडे यायचे. आठव्या संध्याकाळी मी दारातच उभा राहिलो आणि पिलं एकामागून एक आपणहून दांडीवर चढली. मालक खूश झाला. त्यानं दिलेल्या शिफारसपत्रावर मला पुढं चांगली नोकरी मिळाली.

सात-आठ वर्षांनी कामानिमित्त जामनेरला गेलो, तेव्हा विचारत विचारत तिच्या भावाचं घर गाठलं. अक्का मागच्या ओसरीवर एकटीच डाळ निवडत होती. डोळ्यांनी अधू झाली होती, पण आवाज ओळखला. मी सगळं बोललो. दार मी लावलं, पिलं कोपऱ्यात जाताना मी पाहिली, मालकासमोर मी घाबरलो.

"माले ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "मी बोलती ते कोन आयकतं?"

मग हात थांबवून तिनं माझ्या येण्याचं कारण विचारलं, "पन भाऊ, आते कसाले उनात? माले बरं वाटाले, का तुमले?"

आतून वहिनीनं हाक मारली, डाळ झाली का म्हणून. अक्का ताट चाचपत उठली आणि आत गेली. मी पाच-दहा मिनिटं ओसरीवर बसून राहिलो. ती परत बाहेर आली नाही.

त्यानंतर ती किती वर्षं जगली, मला ठाऊक नाही. जामनेरला दोनदा जाणं झालं. त्या गल्लीत मी गेलो नाही.