पांढऱ्या सदाफुलीचा नवस

चिमणाबाई जन्मात कधी दुसऱ्याच्या काडीला शिवली नाही. पण देवासाठी तोडलेल्या फुलाला कुणी चोरी म्हणेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

पंच्याहत्तर सालच्या सुमाराला ती कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या बागेत खुरपणीला होती. वनस्पतिशास्त्राच्या मलिका मुजावरबाईंनी तिथं सदाफुलीचे दोन वाफे लावले होते, एक गुलाबी, एक पांढरा. कोणती जात जोमानं वाढते आणि कुणाच्या पानामुळांत औषधाचा कडू अंश, म्हणजे अल्कलॉइड, जास्त उतरतो, हे त्यांना पाहायचं होतं. फुलांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

चिमणाबाईचा नवरा पिराजी फौंड्रीच्या धुळीनं छाती खचून अंथरुणाला खिळला होता. ती महादेवाला नवस बोलली होती, ह्यांना उठव, रोज पांढरी फुलं वाहीन. म्हणून रोज सकाळी पांढरा वाफा रिकामा होई; गुलाबीला ती हात लावत नसे. आणि पिराजी खरंच उंबऱ्यापर्यंत येऊन बसू लागला.

पांढरी झाडं हां हां म्हणता फोफावली. बाई खूश झाल्या. मग एक दिवस वाफ्यात वाकल्या त्या वाकल्याच राहिल्या.

"मावशी, ह्याला शेंगा का नाहीत?"

चिमणाबाईनं खरं ते सांगून टाकलं. बाई बांधावर बसल्या. फूल गेलं, बी धरलं नाही, सगळा जोर पानांत गेला. दोन वाफ्यांची तुलनाच खोटी ठरली; वर्षाची मेहनत मातीत. तरी त्या रागावल्या नाहीत. "पुन्हा लावू," म्हणाल्या. "पण आता एकाही फुलाला हात नको."

विकतची फुलं रोज कुठली परवडायला? चिमणाबाई बेल वाहू लागली. बेल तर देवाला जास्तच आवडतो, अशी ती मनाची समजूत घाली. पण बोलली होती ती फुलं.

दुसऱ्या वर्षीचा पावसाळा सरता सरता पिराजी गेला. नणंद बाळाबाई भरल्या घरात म्हणाली, "फुलं बंद केलीस, म्हणून माझा भाऊ गेला." चिमणाबाईचंही काळीज तेच कुरतडत होतं. तरी ती कामावर आली आणि बहरलेल्या पांढऱ्या वाफ्यात मान खाली घालून खुरपत राहिली. अशा बाईला कुणी अडाणी म्हणालं, तर म्हणणाऱ्याची कीव करावी.

झाडं उपटली, वाळवली, तपासली. बाई स्वतः बागेत येऊन सांगू लागल्या, "मावशी, दोन्ही सारखीच वाढली. औषध गुलाबीत थोडं जास्तच निघालं. गेल्या वर्षी पांढरी वाढली, ती तुमच्या हातामुळं."

चिमणाबाईचं खुरपं थांबलं.

"माझ्या हातात एवढं हुतं व्हय, बाई? मग त्येंचा जीव बी माझ्याच हातात हुता की."

बाई नाही, नाही म्हणत राहिल्या. पण त्यांनीच आधी सांगितलेलं तिला पटून गेलं होतं.